फुकटाचा हिशेब

आपल्या देशातली फिजिओथेरपीची पहिली शाळा १९५२ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात निघाली. निमित्त होतं पोलिओच्या साथीचं. मोठ्या रुग्णालयातला हा उपचार पुढे तालुक्याच्या गावी, भाड्याच्या एका गाळ्यात आला. एकट्याने दवाखाना चालवायचा म्हणजे भाडं, मदतनीस, वह्या, पावत्या आल्याच.

२०१६ मध्ये यूपीआय आलं. बँक खात्यातून होणाऱ्या या व्यवहारावर दुकानदाराला पडणारं शुल्क जानेवारी २०२० पासून शून्य झालं. त्याच मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि खांद्याचे, गुडघ्याचे व्यायाम व्हिडिओवरून शिकवले जाऊ लागले. भेटीच्या वेळा, उधारी, जमाखर्च, सारं फोनमध्ये आलं. मदतनिसाचा पगारही वाचला.

ही बचत खरी आहे. पण त्याच फोनमध्ये रुग्णाचं नाव, दुखणं, एक्स-रेचा फोटोही जातो. पूर्वी हे कागद कुलूपबंद कपाटात असत. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, तो या कुलपासाठीच. जमाखर्च खुशाल ॲपवर ठेवा. दुखण्याची नोंद मात्र रुग्णाला विचारूनच. वाचलेला रुपया आपला असतो, रुग्णाचं गुपित आपलं नसतं.