तोंडी तीन, बोटांवर चार

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. गौरी-गणपतींचे विसर्जन होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी मी पत्नीकडे चहा मागितला, तर तिने कपाटाची चावी आणून दिली. मी मान हलवून पुन्हा मागितला. ‘‘अहो, हीच ना चावी?’’ ती म्हणाली. आपण ‘चहा’ म्हणतो आहोत आणि तोंडून ‘चावी’ बाहेर पडते आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. पाठोपाठ उजव्या हातातला पेला गळून पडला. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी बंद झाली होती. रुग्णालयाच्या कागदावर दोन शब्द आले : पक्षाघात आणि वाचाघात.

मी सांगलीत एकतीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवला. बोलणे हाच व्यवसाय. भेटायला आलेली माणसे माझ्या उशाशी उभी राहून पत्नीला विचारत, ‘‘यांना समजतं का हो?’’ प्रश्न माझ्याविषयीचा, पण मला कोणी विचारत नसे. पुढे वाचता येऊ लागल्यावर मी या प्रश्नाचाच माग काढला. त्याला स्वतःचा इतिहास आहे, आणि तो माझ्या कल्पनेपेक्षा जुना निघाला.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींच्या प्रकरणात पक्षाघाताचे लक्षण सांगितले आहे : कुपित वायू शरीराची उजवी किंवा डावी बाजू निकामी करतो, वेदना होते आणि वाक्‌स्तंभ होतो. लुळे पडणे आणि वाचा जाणे यांचे नाते आपल्याकडे इतक्या पूर्वी नोंदले गेले. मात्र उजवी बाजू लुळी पडली तरच वाचा बहुधा का जाते, हा प्रश्न तिथे उठलेला नाही. तो उठायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

त्याआधीची एक साक्ष मोलाची आहे. इंग्रजी शब्दकोशकार सॅम्युअल जॉन्सन १७ जून १७८३ रोजी पहाटे तीनच्या सुमारास जागे झाले, तेव्हा डोक्यात गोंधळ उडाला होता. बुद्धी शाबूत आहे की नाही, हे पाहण्यासाठी त्यांनी मनातल्या मनात लॅटिन पद्यात प्रार्थना रचली. पद्य फारसे चांगले झाले नाही. पण ते चांगले नाही हे आपल्याला कळते, म्हणजे बुद्धी ठीक आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. मग लक्षात आले की वाचा गेली आहे. शेजाऱ्याला चिठ्ठी लिहायला बसले, तर हात भलतीच अक्षरे काढू लागला. ज्याने १७५५ साली इंग्रजीचा कोश सिद्ध केला, त्याची ही अवस्था! त्यांची वाचा मात्र लवकर परत येऊ लागली.

रुग्णालयात पहिल्या रात्री मीही अशीच परीक्षा घेतली होती, जॉन्सनची हकिकत ठाऊक नसताना. मनात पेशव्यांची वंशावळ मांडली. नावे उमटेनात. पण क्रम होता. पानिपत कोणाच्या कारकिर्दीत घडले, त्यानंतर गादीवर आलेला तरुण किती वर्षांनी गेला, शनिवारवाड्यातला खून त्याच्या धाकट्या भावाचा, हे सगळे जागच्या जागी होते. जणू दप्तरखान्यातल्या रुमालांवरच्या चिठ्ठ्या कोणी काढून नेल्या होत्या, रुमाल होते.

माँपेलियेचे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाक लोर्दा यांची वाचा १८२५ साली गेली. बरे झाल्यावर, १८४३ मध्ये, त्यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे की, शब्द नाहीसे झाले तरी आतला विचार अखंड होता. व्याख्यानाची मांडणीही मनात करता येत होती. वाचता मात्र येत नव्हते. अनेक आठवड्यांनी एके दिवशी कपाटातल्या एका ग्रंथाच्या पाठीवर हिपोक्रेटिसचे नाव त्यांना अचानक वाचता आले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पुढे पॅरिसचे नामांकित वैद्य त्रूसो यांनी या साक्षीवर शंका घेतली. आपली बुद्धी शाबूत होती, हे रुग्णाने कशावरून ठरवायचे? इतिहासकार म्हणून मला ही शंका रास्त वाटते. रुग्ण म्हणून मला तिचा राग येतो.

याच माँपेलियेत मार्क दाक्स यांनी १८३६ मध्ये एक निबंध तयार केला होता. वाचा गेलेल्या आपल्या रुग्णांमध्ये इजा डाव्या मेंदूला झालेली असते, असे त्यांचे निरीक्षण होते. निबंध दुर्लक्षित राहिला आणि त्यांच्या मुलाने तो १८६३ मध्ये पुढे आणला. तोवर पॅरिसचे शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांचे नाव झाले होते. त्यांचा पहिला रुग्ण लबोर्न्य हा बिसेत्र रुग्णालयात एकवीस वर्षे होता आणि ‘ताँ’ या एकाच उच्चाराने सगळे सांगू पाही. तो एप्रिल १८६१ मध्ये वारला. मेंदूच्या डाव्या कपाळखंडात बिघाड दिसला. ब्रोकांनी तो मेंदू न कापता जपून ठेवला. म्हणूनच आजच्या यंत्रांनी तो पुन्हा तपासता आला आणि इजा वरून दिसली त्याहून बरीच खोल असल्याचे कळले.

मला जवळचा वाटतो तो त्यांचा दुसरा रुग्ण. ललाँ, वय वर्षे चौऱ्याऐंशी, धंदा माती खणण्याचा. त्याच्याकडे पाचच शब्द उरले होते : हो, नाही, तीन, नेहमी आणि मोडके-तोडके स्वतःचे नाव. कोणताही आकडा सांगायचा झाला की तो ‘तीन’ म्हणे. ब्रोकांनी विचारले, मुले किती? तो म्हणाला ‘तीन’ आणि त्याने चार बोटे दाखवली. मुलगे किती? ‘तीन’, बोटे दोन. मुली? ‘तीन’, पुन्हा बोटे दोन. किती वाजले? ‘तीन’, आणि दाही बोटे वर. घड्याळात दहा वाजले होते. तोंडातला शब्द चुकत होता, हिशेब चुकत नव्हता. हे कळले, कारण ब्रोकांनी त्याच्या नातलगांना नव्हे, त्याला विचारले आणि उत्तर ऐकताना हातांकडेही पाहिले.

पण म्हणून ‘समजतं का?’ याचे उत्तर सरसकट ‘हो’ असे देता येत नाही. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या सव्वीस वर्षांच्या जर्मन वैद्याने वेगळा प्रकार मांडला. त्यात रुग्ण अस्खलित बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला नीट कळत नाही. माझ्या प्रकृतीतही थोडे तसे होते. एक माणूस सावकाश बोलला तर कळे; दोघे एकदम बोलू लागले की नुसता कलकलाट. त्रूसोंचे सर्वस्वी चुकले, असे मी म्हणणार नाही.

लंडनचे ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी आणखी एक भेद दाखवला : नवे काही सांगण्यासाठी केलेले बोलणे वेगळे, आणि आपोआप ओठांवर येणारे वेगळे. पहिले गेलेला रुग्ण शिवी मात्र स्वच्छ देतो. स्वीडनमध्ये ओलोफ दालिन यांनी १७४५ मध्येच एका मूक रुग्णाची हकिकत लिहिली होती, जो पाठ असलेली भजने स्पष्ट गात असे. मला ‘मनाचे श्लोक’ म्हणता येत, पाणी मागता येत नसे. पत्नीला वाटे, हे मुद्दाम तर करत नाहीत?

मराठीत प्रत्यय आधी गेले. ‘मी गोळी डबा ठेव’ असे मी बोले. ‘तो खुर्ची’ म्हणे. वाणी-उपचार असतात, हे आम्हाला तीन महिन्यांनी एका शेजाऱ्याकडून कळले. भारतात याचे शिक्षण १९६०च्या दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि म्हैसूरला सुरू झाले, तरी जिल्ह्याच्या गावी माणूस मिळणे कठीण. आम्हाला मिळाली ती पंचविशीतली मुलगी. तिने मला ‘पाच’ म्हणायला सांगितले. जमेना. ‘‘काका, एकपासून या,’’ ती म्हणाली. एक, दोन, तीन, चार, पाच! मग एक-दोन मनात म्हणायचे, मग चार मनात. दीड महिन्याने ‘पाच’ सुटा निघाला.

तिची ही रीत कुठून आली, ते पुढे कळले. दुसऱ्या महायुद्धात उरल भागातल्या रुग्णालयात जखमी सैनिकांवर काम करताना अलेक्सांद्र लुरिया यांनी मांडले होते की, गेलेले कार्य जुन्या वाटेने परत येत नसेल, तर उरलेल्या शक्तींची नवी जुळणी करून ते साधावे. बॉस्टनमध्ये १९७३ साली पुढे आलेली, शब्द सुरात म्हणवून घेण्याची पद्धतही उरलेल्या गाण्याचाच आधार घेते.

बरे होणे म्हणजे पूर्ववत होणे नव्हे. संगीतकार शेबालिन यांना १९५९ च्या झटक्यानंतर बोलणे आणि समजणे दोन्ही जड गेले. तरी त्यांनी पाचवी सिंफनी पूर्ण केली. कवी तोमास त्रान्सट्रोमर यांची वाचा १९९० मध्ये गेली आणि फारशी परतली नाही. ते डाव्या हाताने पियानो वाजवत, थोडक्या शब्दांच्या कविता लिहीत. २०११ साली त्यांना नोबेल मिळाले.

हा लेख मी डाव्या हाताने सात महिन्यांत लिहिला. विभक्तीचे प्रत्यय माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने तपासले. सनावळी मात्र माझी मीच तपासली. सभेत मी आता बोलत नाही. घरी बोलतो, आणि दमलो की अजून ‘चावी’ म्हणतो.

वाचकांपैकी कोणी अशा रुग्णाला भेटायला जाईल, त्याला एवढेच सांगायचे आहे. ‘यांना समजतं का?’ हे घरच्यांना विचारू नका. खुर्ची ओढून समोर बसा, एक साधा प्रश्न रुग्णालाच विचारा, आणि मनात तीसपर्यंत मोजा. तोंडी उत्तर ‘तीन’ आले, तर बोटे किती वर आहेत तेही पाहा.