आठवड्यास किती फेऱ्या?

विमानाच्या वेगाची गोष्ट निघाली म्हणजे लोकांचें लक्ष त्याच्या यंत्राकडे जातें. परंतु टपालाच्या दृष्टीनें दुसराही एक वेग आहे, आणि तो एका फेरीपासून पुढील फेरीपर्यंतच्या अवधींत दडलेला असतो. आठवड्यास एकच विमान सुटत असेल, तर एखाद्या पत्रास सहा-सहा दिवस टपालकचेरींतच पडून राहावें लागतें. सरासरीनें साडेतीन दिवस निव्वळ वाट पाहण्यांत जातात. कराची-मद्रास हवाई टपालाचा इतिहास या साध्या हिशेबाभोंवतींच फिरतो.

ता. ३० मार्च १९२९ रोजीं इंपीरियल एअरवेज कंपनीनें लंडन-कराची हवाई टपाल सुरू केलें. तें आठवड्यास एकदां येई. कराचीस उतरलेल्या पिशव्या दक्षिणेकडे नेण्याचें काम पुढें जे. आर. डी. टाटा व नेव्हिल व्हिंटसेंट यांनीं पत्करलें. ता. १५ आक्टोबर १९३२ रोजीं टाटा 'पस मॉथ' जातीचें एका यंत्राचें छोटें विमान घेऊन सकाळीं कराचीहून निघाले व अहमदाबादेवरून दुपारीं मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून बल्लारीमार्गें मद्रासपर्यंतचें टपाल व्हिंटसेंट यांनीं नेलें.

या मार्गावर फेऱ्या किती असाव्यात, हें मात्र टाटांच्या इच्छेवर नव्हतें. लंडनचें विमान आठवड्यास एक, म्हणून त्यास जोडणारें विमानही एकच. शिवाय सरकारकडून ठराविक साहाय्य नव्हतें. टपालाच्या वजनाप्रमाणें मोबदला मिळे. १९३३ सालीं या विमानांनीं सुमारें दहा टन टपाल व १५५ उतारू नेले. म्हणजे आठवड्यास जेमतेम तीन उतारू! अशा स्थितींत दुसरी फेरी सुरू केली, तर पेट्रोलाचा व वैमानिकांचा खर्च दुप्पट होणार आणि पत्रें मात्र तितकींच राहणार. उलट पक्षीं, फेऱ्या वाढल्यावांचून पत्रेंही वाढणार नाहींत. कारण चार दिवस थांबून जाणाऱ्या पत्रासाठीं जादा आकार कोण भरील? आधीं फेरी कीं आधीं गिऱ्हाईक, हा पेंच येथें प्रथमच उभा राहिला नव्हता, परंतु विमानाच्या धंद्यांत तो फार महागांत पडतो.

१९३५ सालीं इंपीरियल कंपनीनें आठवड्यास दोन फेऱ्या केल्या व टाटांनींही तेंच केलें. पत्राची सरासरी प्रतीक्षा साडेतीन दिवसांवरून पावणेदोन दिवसांवर आली. विमानाचा वेग रतिभरही न वाढतां एवढा काळ वांचला. निसर्गाची अडचण मात्र कायम होती. जुहूचें मैदान पावसाळ्यांत पाण्याखालीं जाई आणि विमानांचा मुक्काम पुण्यास हलवावा लागे.

पेंच खरा सुटला तो फेब्रुवारी १९३८ मध्यें. साम्राज्यांतर्गत हवाई टपालाच्या योजनेनें जादा आकार काढून टाकला; इंग्लंडहून अर्ध्या औंसाचें पत्र दीड पेनींत विमानानें हिंदुस्थानास येऊं लागलें. पत्रांचा लोंढा येणार हें गृहीत धरूनच फेऱ्या आठवड्यास चार-पाचांवर नेण्यांत आल्या, आणि टाटांचा मार्ग कोलंबोपर्यंत लांबला. पुढच्याच वर्षीं पेटलेल्या महायुद्धानें ही घडी विस्कटून टाकली.

स्वातंत्र्यानंतर हाच धडा देशांतल्या टपालानें गिरविला. ता. ३० जानेवारी १९४९ रोजीं रात्रीचें हवाई टपाल सुरू झालें. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करीत आणि उजाडण्याच्या सुमारास आपापल्या शहरीं परतत. त्याच वर्षीं १ एप्रिलपासून देशांतील पत्रांवरील जादा हवाई आकारही रद्द झाला. सायंकाळीं पेटींत टाकलेल्या पत्रास आतां वाराची चौकशी करावी लागेना.

आज विमान कंपन्या पत्रांऐवजीं उतारू मोजतात. मोठें विमान दिवसांतून एकदां न्यावें, कीं लहान विमान तीनदां, हा त्यांचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. रिकाम्या जागांचा तोटा हिशेबाच्या वहींत दिसतो. ताटकळणाऱ्या माणसाच्या वेळेचा तोटा वहींत दिसत नाहीं. पण तो माणूस एक दिवस दुसऱ्या गाडीनें निघून जातो, आणि मग तो तोटाही वहींत उतरतोच.