तळटीप १२ : पीसीआर

१२. लेखकाने इथे ‘नमुना वाढवून तपासला’ एवढेच म्हटले आहे. अभिप्रेत आहे ती पॉलिमरेज चेन रिॲक्शन, अर्थात पीसीआर. परीक्षानळी ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवली की डीएनएचे दोन्ही धागे सुटे होतात. तापमान ५०-६५ अंशांवर आणल्यावर प्रायमर, म्हणजे साधारण वीस अक्षरांचे कृत्रिम तुकडे, हव्या त्या भागाच्या दोन टोकांना चिकटतात. ७२ अंशांना पॉलिमरेज हे विकर तिथून पुढे नवे धागे जुळवते. दर फेरीत प्रती दुप्पट होतात. त्यामुळे ३० फेऱ्यांत, निदान कागदावर, एका रेणूचे शंभर कोटींहून अधिक रेणू होतात.

या कल्पनेची पूर्वचिन्हे हरगोविंद खुराना यांच्या प्रयोगशाळेतून १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिसतात. पद्धत म्हणून ती कॅरी मलिस यांनी १९८३मध्ये मांडली आणि १९९३च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. सुरुवातीला उष्णतेने विकर निकामी होई व दर फेरीला नवे घालावे लागे. यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत सापडलेल्या ‘थर्मस अक्वाटिकस’ जिवाणूच्या उष्णता सोसणाऱ्या विकराने ही अडचण सुटली.

करोनाचा विषाणू आरएनएचा. म्हणून आरटी-पीसीआरमध्ये आधी त्यावरून डीएनए बनवतात. अहवालातली ‘सीटी व्हॅल्यू’ म्हणजे विषाणूचा माग लागेपर्यंत झालेल्या फेऱ्या. आकडा जितका लहान, तितका नमुन्यात विषाणू जास्त. — संपा.