पुराभिलेखागार

सरकारी कामकाजात तयार झालेली आणि काम संपल्यावरही कायम जपावीत अशी कागदपत्रे सांभाळणारी संस्था. जुना शब्द दफ्तरखाना. वाचनालयातले पुस्तक हरवले तर दुसरी प्रत विकत आणता येते. इथला कागद बहुधा एकुलता एक असतो. तो गेला की गेलाच.

भारताचे राष्ट्रीय अभिलेखागार 11 मार्च 1891 रोजी कोलकात्यात सुरू झाले. पुढे ते दिल्लीला गेले आणि आज जनपथावर आहे. महाराष्ट्राचे पुराभिलेखागार त्याहून जुने. 1821 मध्ये स्थापन झालेल्या या दफ्तराचा मुख्य संग्रह मुंबईत काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. पेशवे दफ्तर पुण्यात आहे. गोव्याचे दफ्तर तर पोर्तुगीज अमलात, 1595 मध्ये सुरू झाले.

उदाहरणार्थ, पालघर, बोईसर किंवा तारापूरचा जुना कागद यांपैकी कुठे सापडेल? पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. त्याआधी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, आणि इंग्रजी अमलातल्या कागदांत पालघर तालुका 'माहीम' या नावाने येतो. हे माहीम म्हणजे मुंबईचे नव्हे, केळवे-माहीम. पुराभिलेखागाराचा पहिला नियम असा की, ज्या कचेरीने कागद तयार केला तिच्याच नावाखाली आणि तिने लावलेल्या क्रमानेच तो ठेवायचा. नकाशा बदलला म्हणून जुने गठ्ठे विस्कटायचे नाहीत. तारापूरचा किल्ला मराठ्यांनी जानेवारी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला. त्या लढाईची मराठी पत्रे पुण्यात शोधायची, पोर्तुगीजांचे म्हणणे गोव्यात किंवा थेट लिस्बनमध्ये. इंग्रजी काळातल्या महसुलाचे कागद मुंबईत. 1969 मध्ये सुरू झालेले तारापूर अणुवीज केंद्र मात्र केंद्र सरकारच्या अखत्यारीतले, म्हणून त्याच्या कागदांची वाट दिल्लीकडे जाते; सुरक्षेचे कागद सहज खुले होत नाहीत. एवढ्याशा किनाऱ्याची गोष्ट अशी पाच ठिकाणी विखुरली आहे.

पेशवे दफ्तरातले कागद 'रुमाला'त बांधलेले असतात. रुमाल म्हणजे कागद गुंडाळायचे चौकोनी फडके. आतल्या गठ्ठ्यालाही तेच नाव पडले. गाठ सोडली की हातकागदाचे लांबट बंद निघतात, त्यांवर मोडी लिपीतल्या, अक्षराला अक्षर जोडून धावणाऱ्या ओळी. शाई काजळीची. अडीचशे वर्षांनीही ती काळीभोर दिसते, पण पाणी लागले की पसरते. नंतरच्या काळातल्या लोहयुक्त शाईचे दुखणे उलटे: ती ओलीला दाद देत नाही, मात्र वर्षानुवर्षांत कागदच खाते आणि अक्षरांच्या जागी भोके पडतात.

दमट हवा, बुरशी, कसर, वाळवी आणि ऊन हे कागदाचे वैरी. म्हणून कोठारात साधारण 22 ते 25 अंश सेल्सिअस तापमान आणि 45 ते 55 टक्के आर्द्रता राखतात. नवा आलेला गठ्ठा आधी धुरी देऊन कीडमुक्त करतात, मगच आत घेतात. फाटलेल्या कागदाला पातळ, आरपार दिसणारा टिश्यू कागद गव्हाच्या खळीने चिकटवतात. कागदात आम्ल वाढले असेल तर ते आधी काढतात. हे काम एकेका पानाचे, हाताने करायचे आणि अतिशय सावकाशीचे आहे. छायाचित्रे काढून संगणकावर ठेवल्याने मूळ कागदाची हाताळणी कमी होते. तरी मूळ कागद टाकून देत नाहीत, कारण शाई, शिक्का आणि घडी हेही पुरावेच असतात.

सगळेच कागद मात्र इथवर येत नाहीत. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत अ, ब, क, ड असे वर्ग लावतात. 'अ' वर्ग कायमचा. 'ड' वर्गातले कागद लवकर नष्ट होतात. नवशिक्याला ही छाननी किरकोळ वाटते, पण खरी जोखीम तिथेच असते. केंद्र सरकारच्या कागदांना 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा लागू आहे. 25 वर्षांपेक्षा जुना कागद पारखल्याशिवाय नष्ट करता येत नाही.

हे जपणे केवळ इतिहासकारांसाठी नाही. अणुवीज केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवून दुसरीकडे वसवली गेली. अशा वेळी कुणाची जमीन किती, हे सातबारा आणि फेरफार हेच कागद सांगतात.

पुराभिलेखागारात ओळखपत्र दाखवून अर्ज केला की कागद पाहायला मिळतो. टिपणे पेन्सिलीने काढायची, कारण पेनाची शाई चुकून कागदावर पडली तर ती पुसता येत नाही. तुमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत जुना सातबारा, सनद किंवा पत्र असेल, तर त्याला चिकटपट्टी लावू नका आणि प्लॅस्टिकचे लॅमिनेशनही करू नका. घड्या उलगडा, सुती फडक्यात बांधा आणि ओल नसलेल्या जागी ठेवा.