मालडोंगरीचे बेट आणि नवेगावबांधचा जलप्रदेश

महाराष्ट्रातील बेटे म्हटली की अभ्यासकाचे लक्ष सहजच कोकणकिनाऱ्याकडे जाते. जंजिरा, खांदेरी, मुंबईची सात बेटे यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. परंतु समुद्रापासून शेकडो कोस दूर, राज्याच्या अगदी पूर्व टोकास, गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यातही एक बेट आहे, याची जाणीव फार थोड्यांस असते. नवेगावबांधच्या विस्तीर्ण जलाशयातील या लहानशा भूखंडास मालडोंगरी असे नाव आहे. आकाराने ते क्षुल्लक होय. तथापि ज्या प्रदेशात ते आहे त्या प्रदेशाचा इतिहास समजून घेण्यास त्याच्या नावाइतके उपयुक्त साधन दुसरे क्वचितच सापडेल.

‘डोंगरी’ हे नाव पाण्यातून वर आलेल्या बेटास कोणी सहसा देणार नाही. ते नाव जमिनीवरच्या टेकडीचे आहे. अर्थात पाणी येण्यापूर्वी येथे टेकडी होती, तिला लोक त्या नावाने ओळखत होते आणि भोवतालचे खोरे बुडाल्यावरही तेच नाव चालू राहिले, असे अनुमान करण्यास हरकत नाही. ज्या सरोवराकडे प्रवासी आज निसर्गाची देणगी म्हणून पाहतो, ते वस्तुतः मनुष्याने घडविलेले आहे. ज्या अठराव्या शतकात मुंबईस हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून समुद्राचे पाणी अडविण्यात आले आणि बेटे एकमेकांस जोडण्याचा उपक्रम सुरू झाला, त्याच शतकात वैनगंगेच्या खोऱ्यात बांध घालून पाणी साठविले गेले आणि टेकडीचे बेट झाले. पहिल्या कार्यामागे कंपनी सरकारची सत्ता होती. दुसऱ्यामागे एक गावपाटील होता.

या प्रदेशाची भूरचना तलावांस विशेष अनुकूल आहे. पश्चिम महाराष्ट्रास व्यापून राहिलेला काळा अग्निजन्य खडक येथवर पोहोचत नाही. साकोली श्रेणीचे पुरातन रूपांतरित खडक, त्यांच्या झिजून गोल झालेल्या टेकड्या आणि मधून मधून उथळ, बशीसारखी खोरी असे येथील सामान्य स्वरूप आहे. पाऊस सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. म्हणजे तो कमी नाही. मात्र तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि मध्येच दोन-तीन आठवड्यांची उघडीप झाली तर धानाचे उभे पीक हातचे जाते. कठीण खडकामुळे विहिरींचा आधारही मर्यादितच. तेव्हा धान पिकवावयाचे तर पावसाचे पाणी अडवून ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ही विद्या ज्यांनी सिद्ध केली ते कोहळी होत. भंडारा, गोंदिया व चंद्रपूर या भागांत मुख्यतः आढळणारी ही शेतकरी जात तलाव बांधण्यात व ऊस पिकविण्यात निष्णात म्हणून प्रसिद्ध आहे. रसेल व हिरालाल यांनी इ. स. १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथातही तिचा हा लौकिक नोंदविलेला आहे. चांद्याच्या एका गोंड राजाने आपल्या पूर्वजांस काशीहून आणविले, असे कोहळी लोक सांगत आले आहेत. या कथेस कागदोपत्री आधार दाखविणे कठीण आहे. परंतु गोंड राजे तलाव बांधणाऱ्यांस उत्तेजन देत, एवढा तिच्यातील अंश विश्वसनीय मानता येतो. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याने भिजणारी जमीन द्यावी, अशी रीत असल्याचे परंपरा सांगते. चांद्याकडे अशा देणगीस ‘तुकूम’ म्हणत, आणि चंद्रपूर शहरातील एका वस्तीचे ते नाव आजही आहे. राजाने खजिन्यातून खर्च न करता जंगल लागवडीस आणण्याची ही युक्ती मोठी चतुर म्हणावी लागेल.

नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे नागपूरकर भोसल्यांचा अंमल या भागात बसण्यापूर्वी, बांधला असे मानले जाते. दोन टेकड्यांमधील खिंड मातीच्या पाळीने बुजवून मागचे सारे खोरे जलमय करावयाचे, ही त्यामागील कल्पना. सरोवराचा विस्तार आज सुमारे ११ चौरस किलोमीटर आहे. भोवतालच्या सात शिखरांस ‘सात बहिणी’ म्हणतात. या बहिणींच्या साहाय्याने बांध पुरा झाला, अशी श्रद्धा आहे. स्वतः कोलू पाटील मृत्यूनंतर ‘कोलासुर’ या नावाने देवत्वास पोहोचला आणि लोक त्याची पूजा करू लागले. इतिहासकाराने या दंतकथेस हसू नये. ज्या कामावर गावांचे अन्न अवलंबून होते, त्या कामाचा कर्ता देव व्हावा, यात नवल ते काय?

एकच मोठा तलाव बांधून कोहळी थांबले नाहीत. गावतलाव, त्याच्या वर-खाली लहान तलाव आणि शेताशेतांतून ‘बोड्या’ अशी त्यांची मांडणी असे. वरच्या तलावाच्या सांडव्यावरून गेलेले पाणी खालच्या तलावात उतरे. पाणी सोडण्याच्या दारास ‘तुडुम’ म्हणतात. ते केव्हा उघडावे व कोणाच्या बांधीत पाणी आधी जावे, हे गावाच्या रूढीने ठरे. ढिवर लोक मासे धरीत व शिंगाडा लावीत. पाण्याच्या उथळ कडेला आपोआप उगवणारे देवधानही लोकांच्या उपयोगी पडे.

सृष्टिसौंदर्याच्या दृष्टीने पाहता हा प्रदेश हिवाळ्यात पाहावा. धान कापून झालेले असते, साग, ऐन व बांबूच्या रानाची कड पाण्यापर्यंत उतरलेली असते आणि उत्तरेकडून आलेले पट्टकदंब हंस व नाना जातींची बदके जलाशयावर उतरलेली असतात. सारस पक्षी महाराष्ट्रात आज प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच उरला असून तो धानाच्या बांध्यांत व तलावांच्या काठी घरटे करतो. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहून हे सरोवर मराठी वाचकांच्या परिचयाचे केले. इ. स. १९७५ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये नागझिऱ्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्पात समावेश झाला. रानाची कीर्ती अशी वाढत असता ज्यांच्यामुळे हे पाणी येथे आले त्यांचे नाव मागे पडले, ही गोष्ट मात्र खेदाची आहे.

या व्यवस्थेस खरा धक्का बसला तो मालकी बदलल्यामुळे. इ. स. १८५३ मध्ये नागपूरचे राज्य संपल्यावर ब्रिटिशांनी जमाबंदी करून मालगुजारांस गावांचे स्वामित्व दिले आणि तलावही त्यांच्याकडे आले. मात्र पाणी, मासळी व चराई यांवरील गावकऱ्यांचे निस्तार हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावकागदात नोंदविले गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली व १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले. पूर्व विदर्भातील अशा सहा हजारांहून अधिक तलावांस आता ‘माजी मालगुजारी तलाव’ किंवा थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. मालगुजारी जाणे न्याय्यच होते. तथापि मालकाबरोबर दरवर्षी पाळ दुरुस्त करण्याची जबाबदारीही गेली आणि ती नेमकी कोणाकडे आली, हे गावास उमगले नाही. सिंचनक्षेत्राच्या प्रमाणाप्रमाणे काही तलाव जिल्हा परिषदेकडे, काही पाटबंधारे खात्याकडे असे वाटले गेले. पाणी पूर्वापार हक्काचे की पट्टी भरून घ्यावयाचे, हा वाद उपस्थित झाला. दरम्यान तळाशी गाळ साचत गेला आणि अनेक तलावांच्या कडा बेशरमाच्या झुडपांनी व्यापल्या.

गाळ काढणे हा यावर उघड उपाय दिसतो आणि तो यंत्रांच्या साहाय्याने अनेक ठिकाणी योजलाही गेला. परंतु तळ सरसकट खरवडल्यास उथळ कडेची पाणवनस्पती नाहीशी होते आणि तिच्यावर जगणारे स्थानिक मासे व पक्षीही दूर जातात. हे ध्यानी घेऊन अर्जुनी मोरगावच्या परिसरातील ढिवर स्त्री-पुरुषांनी अलीकडे काही तलावांत बेशरम उपटून, तळ नांगरून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम हाती घेतले. त्या तलावांत मासळी वाढल्याचा त्यांचा अनुभव आहे.