रांग गेली रेडिसमध्ये, चाचणी राहिली मागेच

वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये ईमेल पाठवणे, चित्रे लहान करणे अशी वेळखाऊ कामे मागच्या रांगेत टाकून द्यायची, ही रीत रुबी ऑन रेल्सच्या जगात रुजली ती आधी डेटाबेसच्या आधाराने. शॉपिफायमधून बाहेर आलेले ‘डिलेड जॉब’ कामांची यादी अ‍ॅपच्याच टेबलात ठेवत असे. त्यामुळे ग्राहकाची नोंद आणि तिच्यासाठीचे काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये पक्के होत. व्यवहार फिसकटला तर दोन्ही रद्द. २००९ मध्ये गिटहबने ‘रेस्क’ काढले, २०१२ मध्ये माइक परहॅम यांचे ‘साइडकिक’ आले आणि रांग अ‍ॅपच्या डेटाबेसमधून रेडिस या वेगळ्या साठ्यात गेली. वेग वाढला, पण ते एकत्र पक्के होणे सुटले. नोंद कमिट होण्याआधीच चपळ वर्कर काम उचलू लागला आणि ‘अशी नोंदच नाही’ म्हणून कोसळू लागला. या नव्या चुका चाचण्यांना दिसल्या नाहीत, कारण चाचण्या जुन्याच मांडणीवर उभ्या होत्या.

रेल्समध्ये प्रत्येक चाचणी एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून शेवटी रोलबॅक करण्याची पद्धत होती. त्यात कमिट कधी होतच नसे. म्हणून कमिटनंतर चालायचा कोड रेल्स ५ (२०१६) येईपर्यंत अशा चाचण्यांत चालतच नव्हता. पायथॉनमधल्या जँगो फ्रेमवर्कला तसा कोड चाचणीत पकडण्याची अंगभूत सोय मिळायला २०२१ मधली ३.२ आवृत्ती यावी लागली. दुसरीकडे, काम म्हणजेच जॉब रांगेत न टाकता जागीच चालवण्याची ‘इनलाइन’ सोय लोकप्रिय झाली. तिथे जॉब त्याच प्रोसेसमध्ये, त्याच कनेक्शनवर चालतो, त्यामुळे नोंद त्याला हमखास सापडते. पायथॉनमधल्या ‘सेलरी’चे दस्तऐवजच अशा ‘ईगर’ पद्धतीला युनिट टेस्टसाठी अयोग्य ठरवतात, आणि ते मला पटते.

यावर आक्षेप ठरलेला आहे: खरी रांग आणि खरा वर्कर लावला की चाचण्या मंदावतात, कधी पास तर कधी फेल होतात, आणि बहुतेक चुका जॉबच्या आतल्या हिशेबातच असतात. हे खरे आहे. पण आतला हिशेब तपासायला इनलाइनचीही गरज नाही; जॉबची पद्धत थेट हाक मारून चालवता येते. उरतो तो अ‍ॅप आणि रांग यांच्या सीमेवरचा भाग, आणि तोही फार खर्च न करता तपासता येतो. साइडकिक फसलेला जॉब मुळातच २५ वेळा, सुमारे तीन आठवडे पुन्हा चालवत राहते; तेव्हा तोच जॉब दोनदा चालवून ईमेल एकदाच गेला का, हे पाहायला रेडिस लागत नाही. साइडकिकच्या खोट्या रांगेतही आर्ग्युमेंट जेसनमधून फिरून येतात, म्हणून सिम्बॉलची स्ट्रिंग झाली तर ते चाचणीतच कळते. खरा वर्कर लावलेल्या दोनचार चाचण्या मात्र हव्यातच. त्या मंद असल्या तरी चालतील.

२०२४ मधल्या रेल्स ८ ने ‘सॉलिड क्यू’ देऊन रांग पुन्हा डेटाबेसमध्ये आणली. जुनी हमी मात्र आपोआप परतलेली नाही: नव्या अ‍ॅपच्या प्रॉडक्शन मांडणीत रांगेचा डेटाबेस वेगळाच असतो.