‘आळशी डोळा’ : एका पट्टीचा इतिहास

‘लेझी आय’ या नावाने परिचित असलेल्या दृष्टिमांद्याचा इतिहास हा बहुतांशी एका पट्टीचा इतिहास आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ याने १७४३ मध्ये तिरळेपणावरील प्रबंधात दोन्ही डोळ्यांच्या असमान शक्तीकडे लक्ष वेधले व चांगला डोळा काही काळ झाकून ठेवण्याचा उपाय सुचविला. उपाय लागू पडे. कारण मात्र दोन शतके अज्ञात राहिले. १९६३ मध्ये ह्यूबेल व वीझेल यांनी मांजरीच्या पिलांच्या एका डोळ्याच्या पापण्या शिवून ठेवल्या, तेव्हा त्या डोळ्यास मेंदूतील बहुतेक दृष्टिपेशी प्रतिसाद देईनाशा झाल्या. प्रौढ मांजरांत तसे घडले नाही. या दोघांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक लाभले. आळस डोळ्याचा नव्हताच. तरीही ते विशेषण टिकून आहे, हा भाषेने केलेला अन्यायच म्हणावा लागेल.

एका डोळ्यावर काम भागत असल्याने हा दोष घरी सहसा ध्यानी येत नाही. सुईत दोरा ओवताना, चेंडू झेलताना अंदाज चुकतो आणि मूल ‘वेंधळे’ ठरते. पुढे चांगल्या डोळ्यास इजा झाल्यास परावलंबित्व ओढवते. उपचार बालपणी अधिक फलदायी; पण नेमक्या त्याच वयात पट्टी वर्गात चेष्टेचा विषय होते व मूल ती चोरून काढून ठेवते. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सात वर्षांखालील मुलांच्या मध्यम दृष्टिमांद्यावर चांगल्या डोळ्यात ॲट्रोपीनचे थेंब घातले असता जवळजवळ पट्टीइतकाच लाभ आढळला. थेंब चारचौघांत दिसत नाहीत.